भांडुपमधल्या एका घराचा हिवाळा: लाडूंचा डबा, विरी गेलेलं पीठ आणि भाजी निवडायची कुणी?

भांडुप पश्चिमेला वन बीएचकेत राहणारं चार माणसांचं कुटुंब. नवरा ४७ वर्षांचा, खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघतो. बायको ४२ वर्षांची, नोकरी फोर्टात, सकाळी आठच्या सुमारास घर सोडते. मुलगी दहावीला. सासूबाई ७१ वर्षांच्या, मूळच्या राजापूरकडच्या. सुनेचं माहेर साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, स्वयंपाकघरातलं मात्र जसं होतं तसंच ठेवलं आहे.

मी आहारतज्ज्ञ. दिवाळी झाल्यावर नवरा-बायको दोघं दोन रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. नवऱ्याचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची चाचणी) ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात. बायकोचं हिमोग्लोबिन १०.४. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्याला रोज चालायला सांगितलं होतं आणि दोघांनाही ‘खाण्याकडे बघा’ म्हणून माझ्याकडे धाडलं होतं.

बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, फोनमध्ये यादी तयार होती. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, साजूक तूप, सुकामेवा, गाजर हलवा, उंधियू. ‘थंडीत हे खायचं असतं ना? यातलं कुठलं आणि किती, तेवढं लिहून द्या,’ असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी लाडवांचं सामान भरूनही ठेवलं होतं.

इथेच मला थांबावंसं वाटलं. या यादीतले बरेचसे पदार्थ खऱ्या थंडीसाठी आणि खऱ्या अंगमेहनतीसाठी जन्माला आलेत. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत दुपारी ३० अंशांच्या आसपास असतं, पहाटे बऱ्याचदा १७-१८. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले होते, पण तो दिवस विक्रम म्हणूनच लक्षात राहिला. लोकलच्या डब्यात तर जानेवारीतही पंखा लागतो. शरीर ऊबदार ठेवायला जास्तीच्या कॅलरी जळाव्यात अशी थंडी इथे पडत नाही. मुंबईत हिवाळा अंगावर कमी येतो आणि बाजारात जास्त येतो. तो बाजारातूनच उचलायला हवा, असं माझं मत आहे, आणि या घरासाठी मी जे काही सुचवलं ते सगळं त्यातूनच आलं.

आठवडाभराची भाजी

काहीही बदलण्याआधी एक आठवडा नेहमीसारखंच चालू द्या, फक्त घरात आलेल्या भाजीचं वजन लिहून ठेवा, असं सांगितलं. कांदे-बटाटे सोडून. आठवड्याच्या शेवटी वही पाहिली: फ्लॉवर, कोबी, भेंडी, पुन्हा फ्लॉवर, दोन काकड्या, पाव किलो फरसबी, टोमॅटो. चौघांत वाटलं तर माणशी दिवसाला दीडशे ग्रॅमही भरत नव्हतं. नोव्हेंबरचा शेवट होता, स्टेशनबाहेर हिरव्या जुड्यांचे ढीग लागले होते आणि घरात आठवड्याभरात एकही पालेभाजी आली नव्हती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) वतीनं २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतल्या दिवसाच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. आकडा वाचायला सोपा वाटतो. पण चार माणसांचा आठवड्याचा हिशेब केला की भाजीच ११ किलोच्या वर जाते. अकरा किलो भाजी भांडुप स्टेशनहून कुणी आणायची, फ्रिजमध्ये कुठे ठेवायची आणि निवडायची कधी? सल्ला देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी स्वतः पिशवी उचलून करावा, असं मला मनापासून वाटतं.

ताईंनीही नेमकं तेच सांगितलं. ‘मेथी मला आवडते हो. पण रात्री साडेआठला घरात आल्यावर जुडी निवडत बसायचं, धुवायची, मग शिजवायची. फ्लॉवर चिरला की झालं.’ या एका वाक्यात घराचं सगळं दुखणं होतं. हिवाळ्यातली निम्मी भाजी हातांना वेळ मागते. मटार सोला, पावटे सोला, तुरीच्या शेंगा सोला, हरभऱ्याचे घाटे सोला, मेथी-चाकवत-पालक निवडा. ज्या घरात हे हात नाहीत, त्या घरात हिवाळा येतच नाही.

म्हणून आधी पदार्थांना हात न लावता, निवडायचं कुणी ते ठरवलं. नवऱ्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. त्यानं रविवारी आणि बुधवारी सकाळी चालत बाजारात जायचं आणि भाजी आणायची. दोन खेपांमुळे पिशवीही झेपते आणि पालेभाजी पिवळी पडत नाही. आजींना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, पण बसून निवडायला त्या तयारच होत्या. त्या म्हणाल्या, ‘बाय, मला कुणी दिलीच नाय निवडायला. मेलं रोज ते फुलकोबीच आणतात.’ मुलीकडे मटार. आणि ताईंनी स्वतःच एक वाट काढली. त्या सीएसएमटीला गाडी सुरू होते तिथूनच बसतात, त्यामुळे जागा मिळते. पावट्याच्या शेंगा कापडी पिशवीत घेऊन त्या संध्याकाळी गाडीतच सोलायला लागल्या. लेडीज डब्यात हे काही नवीन नाही, कित्येक बायकांचा रात्रीचा स्वयंपाक घाटकोपर येईपर्यंत अर्धा झालेला असतो. सालं दुसऱ्या पिशवीत, दाणे डब्यात.

वाळूतली मेथी

मुंबईत मेथी दोन तऱ्हेची मिळते. एक मोठ्या पानांची, जुडीची. दुसरी बोटभर उंचीची, मुळांसकट छोट्या छोट्या जुड्यांत बांधलेली. तिला कुणी समुद्रमेथी म्हणतं, कुणी बारीक मेथी. ही किनाऱ्याजवळच्या रेताड वाफ्यांत दाट पेरून कोवळी असतानाच उपटतात. चव सौम्य, देठ फेकावे लागत नाहीत, मुळं कापली की निवडून झाली. वेळ नसलेल्या घराला यापेक्षा सोयीची पालेभाजी नाही. पण ताईंनी ती एकदा आणून पुन्हा आणली नव्हती. कारण विचारलं, तर भाजी दाताखाली करकरली होती.

ही मेथी नळाखाली चाळणीत धरून धुतली तर वाळू पानांतच अडकून राहते. मोठं पातेलं काठोकाठ भरायचं. जुडीचा दोरा न सोडता सगळी मुळं सुरीनं एकदम कापायची, मग जुडी सोडून पानं पाण्यात सोडायची. हातानं हलकेच खालीवर करून पाच मिनिटं तशीच राहू द्यायची. वाळू तळाशी बसते, मेथी वर तरंगते. ती वरच्यावर दोन्ही हातांनी उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलं की तळाची वाळू परत भाजीवर येते, म्हणून ओतायचं नाही. पाणी फेकून पातेलं पुसायचं, पुन्हा भरायचं. तिसऱ्या पाण्याला तळाला बोट फिरवून बघायचं. काही लागलं नाही तर झाली. आजींनी हे एकदा पाहिलं आणि पुढच्या वेळेपासून ते काम स्वतःकडे घेतलं.

भाजी साधीच. तेलात लसूण आणि सुकी मिरची, त्यावर मेथी, झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं, शेवटी ओलं खोबरं. ताईंच्या डब्यात सोबत लिंबाची फोड असायची. पालेभाजीतलं आणि धान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, सोबत क जीवनसत्त्व असलं की ते बऱ्यापैकी वाढतं. चहातल्या टॅनिनमुळे उलट होतं. ताई डबा खाल्ल्याखाल्ल्या चहा घ्यायच्या. चहा तासाभरानं ढकलला. हिवाळ्यात आवळा मुबलक असतो आणि त्यात लिंबाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. आवळे किसून, मीठ आणि आलं घालून काचेच्या बरणीत ठेवले. रोज जेवताना चमचाभर. पाकातला मोरावळा मात्र या घरात नको म्हटलं, नवऱ्याच्या रिपोर्टकडे बघून.

बाजरी कुणाची?

बाजरीवरून घरात जुनीच धुसफूस होती. राजापूरकडचं घर तांदळाच्या भाकरीचं आणि भाताचं. बाजरी आजींच्या जिभेला कडू. ताई माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, बाजरीवर वाढलेल्या, पण सासरी भाकरी कुणी खात नाही म्हणून त्यांनीही सोडून दिलेली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा नवऱ्यानं हौसेनं बाजरीच्या तयार पिठाची पाकिटं आणली होती. भाकरी थापताना तडकली आणि खाताना कडवट लागली. तेव्हापासून विषय बंद.

आजींची जीभ खोटं बोलत नव्हती. बाजरीत स्निग्धांश इतर धान्यांच्या मानानं जास्त, शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास. दळल्यावर तो हवेत उघडा पडतो आणि पीठ थोड्या दिवसांत खवट व्हायला लागतं. जुन्या पिठाची विरीही जाते. म्हणजे ते मळताना धरून राहत नाही, भाकरीच्या कडा फुटतात. मुंबईच्या दमट हवेत हे आणखी लवकर होतं. दुकानातलं पाकीट दळून किती दिवस झाले, याचा आपल्याला पत्ता नसतो.

उपाय गिरणीत होता. अर्धा किलो बाजरी आठवड्याला दळून आणायची, त्यापेक्षा जास्त नाही. गल्लीतला गिरणीवाला एवढं थोडं दळायला कुरकुरला, मग शेजारच्या दोन घरांनीही बाजरी द्यायला सुरुवात केली तेव्हा रविवारी सकाळचा घाणा ठरून गेला. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये. पहिल्या ताज्या पिठाची भाकरी ताईंनी केली तेव्हा मी तिथेच होते. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ, कोमट पाणी, आणि तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून लोण्यासारखा गोळा. थापून झाल्यावर पिठाची बाजू वर करून लोखंडी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली. दुसरी बाजू खरपूस झाल्यावर थेट जाळावर धरली तशी टम्म फुगली आणि पापुद्रा सुटला. आजींनी चतकोर खाल्ली, लसणाच्या पातीच्या चटणीबरोबर. ‘ही कडू नाय,’ एवढंच बोलल्या.

बाजरीत लोह गव्हा-तांदळापेक्षा चांगलं असतं, तंतूही भरपूर. नवऱ्याच्या साखरेच्या दृष्टीनं रात्रीचा भात कमी होऊन एक-दीड भाकरी आली, हे मला महत्त्वाचं वाटलं. पण रोज बाजरीच, असं मी कुणालाही सांगत नाही. बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. रोजचं मुख्य अन्न तेच असेल आणि आयोडीन कमी पडत असेल तर त्याचा त्रास होऊ शकतो. आठवड्यात तीन-चार वेळा, तीही आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात, यात काळजीचं काही नाही.

उरलेल्या दिवशी आजींचं राजापूर. कुळथाची पिठी, आमसूल घालून, गरम भातावर. हिवाळी रात्रीसाठी याहून सोपं आणि पोटभरीचं काय असेल? पंधरा मिनिटांत होते, आणि कुळथात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ओल्या पावट्यांची आमटी, वालाच्या शेंगा घालून वांगं, चाकवताची ताकातली पातळ भाजी हेही सुरू झालं. चाकवत ताईंच्या माहेरचा, आमटी सासरची. मला या घरात सगळ्यात आनंद याचाच वाटला की वर्षानुवर्षं एका ओट्यावर असूनही दोन गावं पहिल्यांदा एका आठवड्यात बसली.

लाडू

आता लाडूंचं. आजींचं दरवर्षीचं माप: पाव किलो डिंक, अर्धा किलो खोबरं, अर्धा किलो खारीक, पाऊण किलो गूळ, तूप लागेल तेवढं, म्हणजे अर्ध्या किलोच्या पुढे. पन्नास ग्रॅमचा असा लाडू अडीचशे कॅलरींच्या घरात जातो. भाकरीपेक्षा जास्त. आणि तो खाल्ला जायचा न्याहारीनंतर, चहाबरोबर, ‘थंडी आहे म्हणून’. गुळाबद्दलचा गैरसमजही या घरात पक्का होता. गुळाला साखरेपेक्षा चव आहे, थोडी खनिजं आहेत, पण रक्तात तो साखरेसारखाच उतरतो. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला गुळाची सूट नाही.

लाडू बंद करा म्हणायला मी धजले नसते, आणि म्हणायचंही नव्हतं. सत्तरीतल्या बाईनं स्वतःच्या हातानं केलेल्या जिनसेला नको म्हणणं हा आहारसल्ला होत नाही. मी फक्त विचारलं, ‘आजी, तुमच्या लहानपणी घरात हे लाडू कोण खायचं?’ त्या हसल्या. ‘कोण म्हणजे? बाळंतीण. आम्हांला कुठले? आम्ही फार तर कढईतला चुरा चाटायचो.’ मग त्यांनीच सांगितलं, की विहिरीवरून पाणी, डोंगरावरून लाकडं, आणि लाडू वर्षातून एखादा, शेजारी कुणी बाळंत झालं तर.

त्यांच्याच तोंडून ते आल्यावर पुढचं सोपं झालं. माप निम्मं केलं. लाडू सुपारीहून जरा मोठा, वीस-पंचवीस ग्रॅमचा. तो न्याहारीनंतर न खाता बिस्किटांच्या जागी संध्याकाळी पाचला, मुलीला आणि ताईंना. नवऱ्याला रविवारी एक. आजींना रोज अर्धा, त्यांची तीच खुशी. जोडीला तीळ. बिनपॉलिशचे तीळ भाजून कुटून ठेवले, जेवताना भाजी-आमटीवर चमचाभर. तिळातलं कॅल्शियम बहुतांशी सालात असतं, पांढरेशुभ्र सोललेले तीळ दिसायला छान पण त्यात ते बरंचसं निघून गेलेलं असतं.

तेलाचा हिशेबही याच वेळी काढला. त्याच मार्गदर्शक ताटात तेल-तूप मिळून दिवसाला माणशी २७ ग्रॅम आहे. चौघांचं महिन्याचं सव्वातीन किलो होतं. घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत होता, तूप वेगळं. तळलेली मासळी आणि रविवारची भजी यात सगळं जात होतं. मांदेली तव्यावर, बोंबील कधी कालवणात, असं करून डबा दीड महिना पुरायला लागला. उंधियू मुलीला हवाच होता. मुलुंडहून विकतचा आणला की वाटीत तेलाचा थर दिसतो. घरी मुठिये वाफवून, कंद आणि सुरती पापडी कुकरमध्ये थोड्या तेलात केली. चव विकतची आली नाही, हे मुलीनं तोंडावर सांगितलं. वर्षातून एकदा विकतचा खा, असं मीही सांगितलं.

भोगीला १३ जानेवारीला भाजीवाल्या बाईकडूनच मिसळीचा वाटा आला: वांगं, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, बोरं, उसाचे करवे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी ताईंनी केली, भाजी आजींनी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण मला आहारशास्त्राच्या पुस्तकात घालावीशी वाटते. एका दिवसात इतक्या तऱ्हेच्या शेंगा आणि भाज्या आपण एरवी खातो कुठे?

फेब्रुवारीअखेर

भाजीची वही पुन्हा मागवली. माणशी अडीचशे ते तीनशे ग्रॅमपर्यंत गेली होती. ४०० झाली नाही, परीक्षेच्या तयारीच्या आठवड्यांत पुन्हा फ्लॉवर-कोबीवर आली. मला ते मान्य आहे. ताईंचं हिमोग्लोबिन ११.६ झालं. याचं मोठं श्रेय गोळ्यांना आणि त्या नियमित घेण्याला आहे. जेवणामुळे हिमोग्लोबिन वाढलं असं कुणी सांगू लागलं तर गोळ्या बंद करू नका, हे मी त्यांना लिहूनच दिलं. आहाराचं काम पुढे आहे, गोळ्या थांबल्यावर ते पुन्हा घसरू न देण्याचं.

नवऱ्याचं वजन दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारीत वाढायचं, या वर्षी जागेवर राहिलं, किंचित उतरलंही. एचबीए१सी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून ते मार्चमध्ये करायचं ठरलं. ऑफिसातून येताना स्टेशनवरचा वडापाव अजून सुटलेला नाही, आठवड्यातून दोनदा होतोच. त्याच्यासाठी भाजलेले शेंगदाणे आणि पेरू बॅगेत ठेवून पाहिलं, पेरू परत यायचा. हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

बाजार आता बदलायला लागला आहे. मटार महाग आणि टणक झाला, बारीक मेथीला जून पानं दिसतात. जानेवारीत स्वस्त असताना सोललेले मटार उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, लगेच गार पाण्यात टाकून, निथळून फ्रीजरमध्ये भरले आहेत. आजींनी सुके कडवे वाल गावाहून मागवले आहेत, भिजवून मोड आणून सोलायचं काम त्यांनी आधीच स्वतःच्या नावावर लावलं. बाजरी मार्चपासून कमी करून ज्वारी आणायची, असं ताईंचं ठरलं आहे. गिरणीवाल्याला सांगून झालं.